ट्रॅक्टरच्या पुढील आसातील तेलगळती

सांगली जिल्ह्यातील तासगाव, मिरज व कवठेमहांकाळ या तालुक्यांत द्राक्षांची फळछाटणी उरकली की फवारणीचे यंत्र ओढणारे लहान ट्रॅक्टर बागांतून सतत फिरू लागतात. कोवळ्या फुटीवर पाऊस पडला अथवा दाट दव राहिले तर केवडा रोगास फैलावण्यास फार वेळ लागत नाही. अशा वेळी ट्रॅक्टर तीन-चार दिवस मेस्त्रीच्या दारात उभा राहिला, तर वर्षाच्या पिकास धोका पोहोचतो. पुष्कळदा या खोळंब्याचे मूळ एका लहानशा वस्तूत असते. पुढील आसातील तेल राखणारी रबरी कडी, म्हणजेच ऑइल सील, झिजलेली असते आणि तिच्याकडे महिनोन्‌महिने कोणी पाहिलेले नसते.

हा प्रश्न केवळ द्राक्षबागांचा नाही. पाटण, जावळी व शिराळा भागांतील भातखाचरांत चिखलणी करताना पुढची चाके चिखलात रुततात. कराड, वाळवा व पलूस येथील उसाच्या रानांत पाचट आणि ओली काळी माती आसाभोवती गच्च बसते. 1910 साली वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगरांमुळे या मुलखातील शेतकऱ्यास यंत्राची ओळख लवकर झाली. यंत्र घेण्याची हौस येथे आहेच. तिला देखभालीची जोड मिळणे अगत्याचे आहे.

सीलचे कार्य

चारही चाकांना गती देणाऱ्या ट्रॅक्टरच्या पुढील आसात दातेरी चक्रे तेलात फिरत असतात. फिरता दांडा ज्या ठिकाणी पेटीबाहेर येतो, त्या ठिकाणी सील बसविलेले असते. सीलला रबराचा पातळ ओठ असतो व त्याभोवती बारीक स्प्रिंगची कडी असते. ही कडी ओठास दांड्यावर हलके दाबून धरते. त्यामुळे आतील तेल आत आणि बाहेरील पाणी व माती बाहेर राहते.

येथेच खरा धोका आहे. जो मार्ग तेलास बाहेर जाण्यास मिळतो, तोच पाण्यास आत येण्यास मिळतो. काम करून तापलेला आस थंड पाण्यात उतरला की आतील हवा आकुंचन पावते व झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ होते, बेअरिंगला गंज चढतो आणि अखेर चक्रांचे दाते तुटतात. सील अल्प मोलाचे असते. चक्रांची जोडी व बेअरिंग मात्र बरेच महाग पडतात. ऑगस्ट 2019 व जुलै 2021 मध्ये कृष्णेला आलेल्या महापुरांसारख्या प्रसंगी जे ट्रॅक्टर पाण्यात बुडतात, त्यांच्या आसातील तेल पाहिल्यावाचून ते कामास जुंपू नयेत.

गळतीची कारणे

नवे सील बसवूनही थोड्याच दिवसांत पुन्हा गळती लागते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. याचा अर्थ मूळ कारण तसेच राहिले. पुढील गोष्टी आधी तपासाव्यात.

1. आसावरील ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर सोडणारी टोपी, चिखलाने बुजली आहे काय? ती बुजल्यास तापलेल्या हवेचा दाब सीलवर पडतो व तेल बाहेर ढकलले जाते.

2. दांड्याभोवती सुतळी, मांडवाची तार, ठिबकची नळी किंवा पाचट गुंडाळले आहे काय? ते सीलचा ओठ कापते.

3. बेअरिंग सैल झाले आहे काय? चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. खडखड जाणवल्यास आधी बेअरिंगचा बंदोबस्त करावा.

4. तेल प्रमाणापेक्षा अधिक भरले आहे काय?

5. यंत्र धुताना पाण्याचा जोरदार फवारा थेट सीलवर मारला जातो काय?

गळती नेमकी कोठून होते हे ठरविण्यासाठी तो भाग रॉकेलने स्वच्छ पुसून कोरडा करावा व त्यावर खडूची भुकटी लावावी. ट्रॅक्टर थोडा वेळ चालविल्यानंतर भुकटी प्रथम जेथे ओली होईल, तेथेच दोष समजावा.

दुरुस्तीची रीत

निरनिराळ्या कंपन्यांच्या आसांची रचना वेगवेगळी असते. म्हणून ट्रॅक्टरची पुस्तिका जवळ ठेवावी.

ट्रॅक्टर कठीण व सपाट जागी उभा करून हातब्रेक ओढावा आणि मागील चाकांना पुढून-मागून उटी लावावी. पुढील आस मध्यावरील खिळीवर झुलणारा असतो. एक बाजू उचलताच ट्रॅक्टर कलंडू शकतो. यासाठी आस व चौकट यांमध्ये दोन्ही बाजूंस लाकडी पाचरी ठोकाव्यात. जॅकने उचलल्यावर खाली भक्कम घोडी अथवा लाकडी ठोकळे द्यावेत. केवळ जॅकच्या भरवशावर किंवा दगडांच्या थरावर यंत्र ठेवून खाली हात घालणे जिवावर बेतू शकते.

तेल स्वच्छ भांड्यात काढावे. ते दुधाळ असल्यास पाणी शिरले आहे, चमकदार कण असल्यास धातू झिजत आहे, असे समजावे. नंतर चाक व झाकण काढावे. झाकणाखाली पातळ पत्र्याच्या चकत्या, ज्यांना शिम म्हणतात, त्या असल्यास त्यांची संख्या व जागा लिहून ठेवावी. त्यांत फेरफार झाला तर चक्रांचे दाते नीट जुळत नाहीत.

जुने सील काढताना त्याच्या खोबणीस ओरखडा पडू देऊ नये. सीलवर आतील व्यास, बाहेरील व्यास व जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते, उदाहरणार्थ 35×52×8. तीच मापे पाहून नवे सील घ्यावे. त्यानंतर दांड्यावर ओठ टेकतो त्या जागी नख फिरवावे. नख अडकेल अशी खाच पडली असल्यास नवे सीलही टिकणार नाही. अशा वेळी दांड्यावर पातळ पोलादी बाही चढवावी किंवा दांडा बदलावा.

नव्या सीलच्या ओठास तेल लावावे. स्प्रिंगची बाजू तेलाकडे असावी. दांड्याच्या खाचांनी ओठ फाटू नये म्हणून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळावी व सील बसल्यावर ती काढून घ्यावी. सीलच्या बाहेरील व्यासाशी जुळणाऱ्या नळीचा तुकडा ठेवून सभोवार हलके ठोके द्यावेत. सीलवर थेट हातोडा मारू नये. ते तिरके बसते. झाकणाची रबरी कडी नवी घालावी, ब्रीदर स्वच्छ करावा आणि पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचे तेल पातळीच्या बुचापर्यंतच भरावे. अर्धा तास काम केल्यावर गळती पुन्हा पाहावी व चाकाच्या नटांचा आवळ तपासावा.

काढलेले जुने तेल विहिरीकाठी, ओढ्यात वा जमिनीवर ओतू नये. ते डब्यात साठवून पुनर्वापर करणाऱ्या परवानाधारकाकडे पोहोचेल अशी व्यवस्था करावी.

जुन्या जीपगाड्यांविषयी

सातारच्या डोंगरी भागात जुन्या धर्तीच्या जीपगाड्या ज्यांच्याजवळ आहेत, त्यांनी एक भेद लक्षात ठेवावा. या गाड्यांत चाकाजवळील गोल सांध्याच्या बाहेर नमद्याची कडी असते, तर आसाचे तेल अडविणारे सील आत असते. आतील सील गेल्यास तेल सांध्यातील ग्रीसमध्ये मिसळून ते पातळ करते व बाहेर ठिबकते. केवळ बाहेरील कडी बदलल्याने ही गळती थांबत नाही. शिवाय हे तेल ब्रेकपर्यंत पोहोचले तर घाटातील उतारावर गाडी आवरणे कठीण होते. म्हणून अशी गळती दिसताच गाडी घाटात नेऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एक दिवस ठरवून, जाणत्या मेस्त्रीच्या साह्याने ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. शेतकरी बंधूंनीही आपल्या ट्रॅक्टरच्या सीलची मापे वहीत टिपून एक जोडी घरी ठेवावी आणि दर आठवड्यास चाकाच्या आतील बाजूस हात फिरवून पाहावा. हातास लागलेले तेल वेळीच ओळखले, तर ऐन फवारणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बागेतच राहील.