बर्ड फ्लूतला प्रवास: भीती रश्श्याची, धोका पिसांचा

बर्ड फ्लूची बातमी आली, मग ती परभणीची असो वा लातूरची, की सातारा-सांगलीकडे निघालेली माणसं पहिला निर्णय घेतात: वाटेत चिकन बंद. एवढं पथ्य पाळलं की प्रवास सुरक्षित, अशी त्यांची खात्री असते. दर साथीला हेच ऐकावं लागतं आणि दर वेळी चीड येते. उकळत्या रश्श्याला घाबरणारी हीच माणसं जत्रेहून परतताना पाय बांधलेला गावठी कोंबडा पिशवीत घालून एसटीत बसतात. हॉटेलात चिकन टाळतात आणि सकाळी नाष्ट्याला पिवळा बलक वाहणारं हाफ फ्राय मागवतात.

बर्ड फ्लूचा विषाणू आजारी पक्ष्याच्या लाळेत, नाकातल्या स्रावात आणि विष्ठेत असतो. माणसाच्या शरीरात तो मुख्यतः डोळे, नाक आणि तोंडावाटे शिरतो. म्हणजे धोका आहे तो पक्षी हाताळताना, कापताना, पिसं सोलताना, खुराडं झाडताना. मांसाचा प्रत्येक भाग ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की विषाणू नष्ट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडचा रस्सा तर रटरट उकळतो. नीट शिजलेल्या चिकनमधून बर्ड फ्लू होत नाही, हे किती वेळा सांगायचं?

शंका असेल त्यांनी आपल्याच राज्याचा अनुभव पाहावा. देशातला पहिला मोठा उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात झाला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, तरी त्या उद्रेकात माणसाला लागण झाल्याचं एकही प्रकरण सिद्ध झालं नाही. आता कच्च्या मांसाचं पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूने दगावले. संशय कच्च्या चिकनवर होता. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात दोन वर्षांची मुलगी याच विषाणूने गेली. तिला कच्च्या चिकनचा तुकडा खायला दिला होता, असं घरच्यांनी सांगितलं. शिजलेलं आणि कच्चं यांत एवढा फरक आहे, आणि आपण दोन्हींना एकाच मापाने मोजतो.

या चुकीच्या भीतीची किंमत कुक्कुटपालक मोजतात. २०२० मध्ये तर चिकनमधून कोरोना होतो, अशी अफवा पसरली. दर इतके कोसळले, की मिरजेपासून फार दूर नसलेल्या गोकाक तालुक्यात एका शेतकऱ्याने हजारो कोंबड्या खड्ड्यात पुरल्या.

मग प्रवाशाने करायचं काय? जिवंत कोंबड्यांच्या दुकानात आणि बाजारात, विशेषतः मुलांना घेऊन, जाऊ नये. बाधित भागातून कोंबडी, पिल्लं किंवा कच्चं मांस आणू नये. तिथून पक्ष्यांच्या वाहतुकीवर बंदीच असते. मायणीच्या तलावावर हिवाळी पाहुणे पाहायला जरूर जा, पण दुर्बिणीतून. कृष्णेच्या घाटावर मेलेला कावळा दिसला तर पायाने उलटून पाहू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका, पशुसंवर्धन विभागाला १९६२ वर कळवा. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळेच मेले होते आणि त्यांच्या नमुन्यांतूनच लागण उघड झाली. हात साबणाने धुवा. अंडं पूर्ण उकडलेलं किंवा भुर्जी खा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. गावठी कोंबडीला हा रोग होत नाही, हे खोटं. मोकळी फिरणारी कोंबडी तर रानपक्ष्यांच्या अधिक संपर्कात येते. फ्रीजमध्ये विषाणू मरत नाही, थंडीत तो जास्त टिकतो. नेहमीच्या फ्लूची लस बर्ड फ्लूपासून संरक्षण देत नाही. डब्यात शेजारी कुणी शिंकलं म्हणून घाबरू नका. हा विषाणू अजून माणसाकडून माणसाकडे सहज पसरत नाही. हळद, कापूर, दारू यांनी तो रोखता येतो याला पुरावा नाही.

लागण क्वचित होते, पण झाली तर जीवघेणी ठरू शकते. २००३ पासून जगभरात एच५एन१ची लागण नोंदलेल्या माणसांपैकी जवळजवळ निम्मी दगावली. २०२४ मध्ये कोलकात्याहून ऑस्ट्रेलियात परतलेलं एक बालक या विषाणूने अत्यवस्थ झालं. आजारी पक्ष्याशी त्याचा संपर्क आल्याचं कुटुंबाला आठवत नव्हतं. बालक पुढे बरं झालं. म्हणून प्रवासाहून आल्यावर दहा-पंधरा दिवसांत ताप, खोकला, धाप किंवा डोळ्यांची लाली जाणवली, तर मेडिकलमधून गोळी आणून दुखणं अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे जा आणि कुठे गेला होतात, कोणत्या पक्ष्यांजवळ होतात, हे त्यांनी विचारायच्या आधी सांगा. ऑसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो.