रडणारे बाळ आणि आपले हात

घरात बाळ जन्मले की बाळंतिणीच्या खोलीत एखादी अनुभवी बाई असायचीच. आजी असो, मावशी असो की शेजारची कुणी काकी असो, कुणीही बाळाला घ्यायला हात पुढे केला की तिचे बोलणे ठरलेले असे : "मान सांभाळ गं, अजून मान धरली नाही त्याने." टाळू भरताना, पायावर घेऊन न्हाऊ घालताना, पाळण्यात ठेवताना तिचा एक हात सतत बाळाच्या मानेखाली असायचा. हे सारे ती कुठल्या पुस्तकात शिकली नव्हती. पण डॉक्टर मंडळींनी गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत जे शोधून काढले, त्याचे मूळ तिच्या त्या एका वाक्यात आहे.

आजच्या लेखाचा विषय जड आहे. संतापाच्या भरात तान्ह्या बाळाला गदगदा हलवले किंवा आपटले तर त्याच्या मेंदूला जी इजा होते, तिच्याविषयी आम्ही लिहिणार आहोत. आपल्या समाजात असे काही होत नाही, असे म्हणून काही वाचक पान उलटतील. त्यांना आमची विनंती आहे की त्यांनी जरा थांबावे. ही गोष्ट राक्षसी वृत्तीच्या माणसांच्याच हातून घडते असे नाही. थकलेल्या, झोप न मिळालेल्या, एरवी बाळावर जीव टाकणाऱ्या माणसाच्या हातूनही ती घडते, आणि त्याला अर्धे मिनिटसुद्धा लागत नाही.

पूर्वी या प्रकाराला 'शेकन बेबी सिंड्रोम' म्हणत. २००९ साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 'अब्यूझिव्ह हेड ट्रॉमा' हे नाव वापरावे असे सुचवले, कारण इजा केवळ हलवण्यानेच होते असे नाही. डोके कशावर तरी आदळल्यानेही होते, आणि कित्येकदा दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. आपल्याला नावाशी काय करायचे? आत काय होते ते समजले पाहिजे.

नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा भाग असते. मोठ्या माणसाचे डोके त्या मानाने असते तर आपल्याला उभे राहणे कठीण झाले असते. एवढे जड डोके पेलायला मानेचे स्नायू मात्र कोवळे. मेंदूही मऊ, त्यात पाण्याचा अंश जास्त. मेंदूच्या पृष्ठभागावरून त्याच्या बाहेरच्या जाड आवरणाकडे बारीक शिरा जातात. बाळाला दंडांना किंवा छातीला धरून जोरजोराने पुढेमागे हलवले की डोके हिसके खाते, मेंदू कवटीच्या आत मागेपुढे होतो आणि या शिरा ताणून तुटतात. रक्त साकळते. डोळ्यांच्या मागच्या पडद्यातही रक्तस्राव होतो. मग मेंदूला सूज येते, श्वास अडखळतो, आणि प्राणवायू कमी पडला की नुकसान आणखी वाढत जाते. हे सगळे आत चाललेले असते. बाहेर कातडीवर साधा ओरखडाही नसू शकतो.

पहिली गोम इथेच आहे. मार दिसतो, हिसका दिसत नाही. इंग्लंडमधील हल शहरात नॉर्मन गुथकेल्च नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. काही तान्ह्या मुलांच्या कवटीत रक्त साकळलेले त्यांना आढळले, पण डोक्यावर घाव नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले की मुलाला मारणे वाईट, पण धरून हलवणे तितके वाईट नाही, असा त्या भागात कित्येकांचा समज होता. म्हणून आईबापही 'हलवले होते' असे सहज सांगत. १९७१ साली गुथकेल्च यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर निबंध लिहिला. पुढे अमेरिकेत जॉन कॅफी या क्ष-किरणतज्ज्ञाने १९७२ आणि १९७४ साली हाच विषय तपशिलाने मांडला. 'मारले तर नाही ना, नुसते हलवले' हा समज मात्र अजून सगळीकडे जिवंत आहे, आणि आपले बेटही त्याला अपवाद नाही.

येथे आयांच्या मनातली एक भीती दूर केली पाहिजे. बाळाला मांडीवर घेऊन झुलवणे, पाळण्याला झोका देणे, खांद्यावर थोपटणे, खड्ड्यांच्या रस्त्यावरून बसने जाणे, यांनी असली इजा होत नाही. तिच्यासाठी मोठ्या माणसाचा पुरा जोर लागतो. पाहणाऱ्या कुणालाही ते बघून धडकी भरेल. बाळाला वर फेकून झेलण्याची हौस काही काकांना असते, ती मात्र त्यांनी आवरावी. झेल चुकायला वेळ लागत नाही.

आता मूळ कारणाकडे येऊ. ते म्हणजे रडणे. बाळ भुकेने रडते, ओले झाले म्हणून रडते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण कारण नसताना, कशानेही न थांबणारे रडणे असते, हे अनेक तरुण आईबापांना कुणी सांगितलेलेच नसते. अमेरिकेतील डॉ. बेरी ब्राझेल्टन यांनी १९६२ साली ८० बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दुसऱ्या आठवड्यापासून रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते दिवसाला साधारण पावणेतीन तासांवर पोचते, आणि तिसरा महिना संपेपर्यंत बरेच ओसरते, असे त्यांना दिसले. काही निरोगी बाळे याहूनही पुष्कळ जास्त रडतात. विशेषतः संध्याकाळी. बाळ लाल होते, मुठी आवळते, पाय पोटाशी घेते. पाहणाऱ्याला वाटते याला फार दुखते आहे. पुढे कॅनडाचे डॉ. रोनाल्ड बार यांनी दाखवून दिले की हा चढउतार बाळाच्या वाढीचाच भाग आहे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळात तो जन्मतारखेपासून न मोजता, मूळ दिवस भरले असते त्या तारखेपासून मोजावा लागतो.

या हिसक्यांनी रुग्णालयात आलेल्या बाळांची वये मांडली तर तो आलेखही याच वयात चढतो, रडण्याच्या चढानंतर थोड्याच आठवड्यांनी. म्हणजे हे बाळ 'रडवे' नसते, त्याला कुणाची दृष्टही लागलेली नसते. मीठमोहऱ्या उतरवून टाकायला आमची हरकत नाही, निदान तेवढी पाच मिनिटे घरातली माणसे शांत तरी बसतात. तिझान पाजण्याला मात्र आमची हरकत आहे. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीही नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रडे थांबावे म्हणून दर आजीच्या बाटलीतला वेगळा पाला कोवळ्या पोटात घालण्यात काय अर्थ आहे?

रडे ऐकणारा कोण असतो, हेही पाहिले पाहिजे. परदेशांतील पाहण्यांत असे कृत्य करणाऱ्यांत बाप, आईचा जोडीदार आणि बाळ सांभाळणारी माणसे पुष्कळदा आढळतात, आयाही असतात. आपल्याकडचे चित्र डोळ्यांपुढे आणा. आईची रजा संपली, ती कामावर गेली. बाप हॉटेलातली रात्रपाळी करून सकाळी घरी आला, आणि गार्देरी परवडत नाही म्हणून बाळ त्याच्या हाती. त्याला कुणी बाळंतिणीच्या खोलीत बसवून काही शिकवलेले नाही. बाळाला कसे धरावे हे सुनेला दहा जणी सांगतात, मुलाला एकही सांगत नाही. 'पुरुषाला काय कळते त्यातले' असे म्हणून आपणच त्याला दाराबाहेर ठेवतो आणि मग एके दिवशी बाळ त्याच्यावर सोपवून निघून जातो. आमच्या मते यात दोष घरातल्या थोरांचा आहे.

मग करायचे काय? आधी साध्या गोष्टी पाहाव्या : भूक, ओले लंगोट, उकाडा, अंगाला रुतणारी एखादी दोरी वा पिन. अंग गरम लागते का? तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल तर थेट डॉक्टरकडे न्यावे. तसे काही नसेल तर छातीशी धरून फिरावे, गुणगुणावे. कधी याने थांबते, कधी नाही. नाही थांबले म्हणजे आपण वाईट आई किंवा वाईट बाप ठरत नाही.

आणि डोके तापू लागले, दात-ओठ आवळले गेले, हात बाळाच्या दंडांवर घट्ट होत आहेत असे जाणवले, की त्या क्षणी बाळाला पाळण्यात उताणे ठेवावे, दार ओढून घ्यावे आणि बाहेर अंगणात यावे. तोंडावर पाणी मारावे. बहिणीला, शेजारणीला फोन करावा. पाच-दहा मिनिटांनी जाऊन बाळाला पाहून यावे. रडत्या बाळाला सोडून बाहेर येणे आपल्या लोकांना निर्दयपणाचे वाटते, हे आम्हाला माहीत आहे. पण सुरक्षित पाळण्यात दहा मिनिटे रडल्याने कुठल्याही निरोगी बाळाला काही झालेले नाही. फोन ज्याला येईल त्यानेही 'काय नाटक आहे' असे म्हणू नये. चप्पल घालावी आणि निघावे.

आणखी एक सूचना, फार महत्त्वाची. बाळाच्या घशात काही अडकले किंवा ते निपचित पडले तर घाबरून त्याला हलवून जागे करायला जाऊ नये. अडकले असेल आणि आवाज फुटत नसेल, तर बाळाला आपल्या हातावर पालथे, डोके खाली करून, जबडा आधाराने धरून ठेवावे आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्याव्यात. तेवढ्यात दुसऱ्याने ११४ क्रमांकावर सामूला बोलवावे.

हिसका बसलेल्या बाळाची लक्षणे फसवी असतात. ते दूध ओढत नाही, ओकते, फार पेंगते किंवा उलट उगाच किरकिरते. जास्त इजा असेल तर अंग ढिले पडते किंवा ताठरते, झटके येतात, श्वास अडतो, रंग पांढुरका किंवा निळसर होतो. टाळू फुगून वर आलेली दिसू शकते. ओकारी आणि पेंग पाहून पोट बिघडले असे कुणालाही वाटेल. डॉक्टरांनाही वाटते. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा इजेच्या १७३ मुलांपैकी ५४ मुलांचे निदान डॉक्टरांकडून पहिल्या भेटीत हुकले होते. म्हणून ज्याला ठाऊक आहे त्याने बोलले पाहिजे. "पडले असेल", "झोपेतून असेच उठले" असे सांगून घराची अब्रू झाकण्यात जे तास जातात, त्या तासांत मेंदूची सूज वाढत असते. "मी याला हलवले" हे तीन शब्द डॉक्टरला लगेच योग्य तपासणीकडे नेतात. ते कुणाच्या तोंडून निघणे किती कठीण आहे याची आम्हाला कल्पना आहे. सासूला, नवऱ्याला, बायकोला वाचवण्यासाठी गप्प बसलेल्या माणसाचीही कल्पना आहे. पण अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राच्या म्हणण्याप्रमाणे अशा चार बाळांपैकी निदान एक दगावते. जी वाचतात त्यांतल्या पुष्कळांच्या वाट्याला अधू दृष्टी, फेफरे, लुळे हात-पाय येतात. काहींच्या बाबतीत तर वरून सारे ठीक दिसते आणि शाळेत गेल्यावर अक्षरओळख, लक्ष, आठवण यांत ती मागे पडू लागतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक आजारी बाळाच्या घरावर संशय घेणे चूक आहे. रक्त न गोठण्याचे विकार, काही जन्मजात रोग, खरोखरचा अपघात, यांतही मिळतीजुळती चिन्हे दिसू शकतात. खुद्द गुथकेल्च यांनी उतारवयात, नव्वदी उलटल्यावर, केवळ ठरावीक चिन्हांवरून माणसांना तुरुंगात धाडले जात असल्याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली होती. निवाडा करणे हे डॉक्टरांचे आणि न्यायालयाचे काम आहे. शेजाऱ्यांनी ओट्यावर बसून करायचे नाही. पण कळवणे हे मात्र आपले काम आहे. १९९४च्या बालसंरक्षण कायद्यानेच डॉक्टर आणि शाळेतील मंडळींवर संशय कळवण्याची जबाबदारी टाकली होती. त्या कायद्याच्या जागी आलेला २०२०चा चिल्ड्रन्स ॲक्ट जानेवारी २०२२ पासून लागू झाला आहे. मुलाच्या जिवाला धोका आहे असे वाटले तर चाइल्ड डेव्हलपमेंट युनिटला ११३ क्रमांकावर फोन करता येतो.

आधीच सांगून हे टळते का? अमेरिकेत बफेलो शहराच्या आसपासच्या रुग्णालयांत डिसेंबर १९९८ पासून डॉ. मार्क डायस यांनी एक साधा उपक्रम चालवला. बाळ घरी नेण्यापूर्वी आई आणि बाप दोघांनाही परिचारिकेने हा धोका समजावून सांगायचा आणि समजल्याची त्यांची सही घ्यायची. साडेपाच वर्षांत तेथे अशा इजांचे प्रमाण ४७ टक्क्यांनी घटले. तोच उपक्रम पुढे पेनसिल्व्हेनिया राज्यात केला तेव्हा मात्र रुग्णालयात येणाऱ्या अशा बाळांची संख्या कमी झाली नाही. म्हणजे एकदा पत्रक हाती देऊन भागत नाही. आमच्या मनात असे येते की आपल्याकडे बारशाला सगळे नातेवाईक जमतात, आणि बाळ तेव्हा बारा दिवसांचे असते. रडण्याचा चढ नुकताच सुरू व्हायचा असतो. पाळणा म्हणून झाला, पेढे वाटून झाले की घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने बाळाच्या बापाला बाजूला घ्यावे. पुढचे दोन महिने हे पोर तुला छळणार आहे, ते तुझ्यावर रागावलेले नाही, आणि कितीही रात्री झाली तरी मला फोन कर, एवढे सांगावे. मंडळांच्या बैठकीत महिलांसाठी आरोग्याची व्याख्याने होतात, त्यांतले एखादे फक्त पुरुषांसाठी ठेवायलाही हरकत नाही.

आमच्या वर्गातल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलींपैकी कितीतरी जणी शाळा सुटल्यावर घरी धाकटे भावंड सांभाळतात. त्यांना आम्ही एक कापडी बाहुली देऊन मानेखाली हात कसा ठेवायचा ते दाखवतो, आणि बाळ फार रडले व तुला रडू आले तर त्याला पाळण्यात ठेवून कुणाला हाक मारायची, ते नाव वहीत लिहून घेतो. गेल्या सत्रापासून मुलग्यांनाही बाहुली देऊ लागलो. पहिल्या दिवशी ते हसले. दुसऱ्या दिवशी रांग लावून उभे होते.