तुंबाड: हस्तरची भीती नक्की येते कुठून?

हेडफोन लावलेत ना? आज आवडत्या हॉरर पिक्चरबद्दल बोलायचंय आणि माझ्या यादीत पहिलं नाव ठरलेलं आहे, ‘तुंबाड’. आधीच सांगतो, शेवटासकट सगळं फोडणार आहे. पाहिला नसेल तर इथेच थांबा, बघून या.

राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. मी पाहिला तेव्हा निम्मं थिएटर रिकामं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये तो परत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला! पुणेकरांना तर तो घरचाच. त्यातला विनायक राहतो पुण्यात आणि कोकणात तुंबाडला जाऊन सोन्याच्या मुद्रा घेऊन येतो. वाडा आपल्या सासवडचा. आजीचा भाग नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेला आणि धारपही पुण्याचेच. पाऊस खरा हवा म्हणून शूटिंग अनेक पावसाळे चाललं.

आता मुद्द्याचं. यात दचकवणारे प्रसंग फार नाहीत. मग भीती कशाची वाटते? मला वाटतं, नियमांची.

नियम सोपे आहेत. हस्तरकडे सोनं भरपूर, पण धान्याचा एक दाणा नाही, त्यामुळे तो कायम भुकेला. पिठाच्या रिंगणात तो येऊ शकत नाही. विनायक पिठाची बाहुली टाकतो, हस्तर तिच्यावर तुटून पडतो, तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातून जमतील तेवढ्या मुद्रा ओढायच्या आणि वर यायचं. बस. हे आपल्याला आधीच माहीत असतं, म्हणून प्रत्येक वेळी तो दोर धरून खाली उतरला की आपला श्वास अडकतो.

मग त्याचा मुलगा पांडुरंग डोकं लावतो: एका बाहुलीवर इतक्या मुद्रा, तर खूप बाहुल्या नेल्या तर? मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे इथे मला हसूच आलं. एका रिक्वेस्टला नीट चालणारी सिस्टिम लोड वाढवला की कशी कोसळते, ते आम्ही रोज बघतो. इथेही तेच होतं. जितक्या बाहुल्या, तितके हस्तर!

दुसऱ्यांदा मी बाबांना घेऊन गेलो होतो. आमचंही कोकणात घर आहे. वाटणीवरून बाबा आणि काका कित्येक वर्षं बोलत नाहीत, घराला कुलूप आहे. शेवटी मुलाला वाचवताना शापित झालेला विनायक त्याच्यापुढे मुद्रांनी भरलेला लंगोट धरतो आणि पांडुरंग तो घेत नाही. तेव्हा बाबा खुर्चीत एकदम पुढे सरकले. घरी येताना बाइकवर मागून एवढंच म्हणाले, “पोराला कळलं रे, बापाला नाही कळलं.”

तर मंडळी, माझ्यासाठी भीती ही अशी. हस्तर खाली विहिरीत असतो, पण दोर बांधून उतरतो आपणच.

तुम्हाला सगळ्यात जास्त घाबरवणारा पिक्चर किंवा मालिका कोणती, आणि का? नुसतं नाव नको, कारणही सांगा. भेटू पुढच्या भागात. आणि हो, झोपण्याआधी ऐकत असाल तर सॉरी!