कंपनीचे दोन टक्के आणि वाडीचा वाटा



मागच्या तिमाहीत मंडळीतल्या दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला. पनवेलच्या एका बाजूला तळोजा, दुसऱ्या बाजूला रसायनी-पाताळगंगा, एवढे कारखाने असताना कातकरवाडीच्या कामासाठी वर्गणी आमच्याकडेच का? कंपन्यांच्या सीएसआरमधून का घेत नाही? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी कोणताही एक आकडा गाठणाऱ्या कंपनीवर या कलमाने सामाजिक जबाबदारी टाकली. मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के तिने समाजासाठी खर्च करायचे. सरासरी नफा १० कोटी असेल, तर वर्षाला २० लाख. कशावर खर्च करायचा याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे: भूक व गरिबी, आरोग्य, पिण्याचे पाणी, शिक्षण, पर्यावरण वगैरे. या यादीत धर्मकार्य नाही. त्यामुळे ‘प्रार्थनाघराच्या पत्र्यांसाठी एखादी कंपनी बघा’ असे कोणी सुचवले, तर आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. ते आपले आपणच करायचे.

संस्थेकडूनही कागदपत्रे लागतात. १२ए आणि ८०जीची नोंदणी हवी, कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो. हे सारे आमच्याकडे आहे. अडचण वेगळीच निघाली.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीतून फोन आला. सौरदिवे द्यायचे आहेत, महिनाअखेरीपूर्वी वाटप झाले पाहिजे, फोटो हवेत. महिना मार्चचा होता. मी लगेच होकार दिला; वाडीला विचारले नाही. चूक माझी. गाडी घेऊन गेलो तर निम्म्याहून अधिक घरांची दारे बांधलेली. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पाऊस तोंडावर येईपर्यंत तिथेच राहतात. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. तरी दिवे उतरवले, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या हाती एकेक देऊन फोटो काढले आणि उरलेली खोकी अंगणवाडीत ठेवली. पाऊस सुरू झाल्यावर परतलेल्या एका मावशींनी दिवा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, “दिवा चांगला हाय. पन पोरं भट्टीवर हुती, शाळा गेली, त्याचं काय?”

इथे दोन शब्दांतला फरक समजून घेतला पाहिजे. भागधारक म्हणजे ज्याने कंपनीचे शेअर घेतले तो. हितधारक म्हणजे कंपनीच्या कारभाराने ज्याचे बरेवाईट होते तो: कामगार, ग्राहक, माल पुरवणारा, आणि कारखान्याच्या कुंपणालगतची वाडीसुद्धा. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये ठामपणे लिहिले होते की, नियम पाळून नफा वाढवणे हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी. एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ च्या पुस्तकात हितधारकांचा विचार मांडला. हा वाद दूरदेशीचा वाटेल, पण ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळी झालेली कुत्री आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. रंग मिसळलेले सांडपाणी कासाडी नदीत जात असल्याच्या तक्रारीनंतर प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक कारखाना बंद करायला लावला. त्या कुत्र्यांनी कोणाचा शेअर घेतला नव्हता.

आणि हेही लक्षात ठेवावे की सांडपाणी शुद्ध करणे हे सीएसआर नव्हे. दुसऱ्या कायद्याने जे करणे बंधनकारकच आहे, त्याचा खर्च या दोन टक्क्यांत धरता येत नाही. नफा कसा मिळवला हा प्रश्न आधीचा, दोन टक्के कुठे दिले हा नंतरचा. माझ्या मते आपण संस्थावाले हा क्रम फार लवकर विसरतो, कारण चेक आपल्या नावाने निघतो.

आता मार्चच्या घाईबद्दल. तारीख ३१ मार्च असते, म्हणून कंपनीतले अधिकारी धावतात. पण २०२१ पासूनच्या तरतुदीनुसार काम अनेक वर्षांचा प्रकल्प म्हणून हाती घेतलेले असेल, तर न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायची आणि पुढील तीन आर्थिक वर्षांत खर्च करायची. वाडीसाठी ही तरतूद फार मोलाची आहे. भट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन मे महिन्यात संपतो, म्हणजे तो दोन आर्थिक वर्षांत पडतो. मुलांना वाडीवरच ठेवून दोन वेळचे जेवण आणि शाळा द्यायची, तर एका वर्षाचा निधी बरोबर परीक्षेच्या तोंडावर संपतो. मग मुले करणार काय? आईबापांकडे भट्टीवर जाणार.

एक गोष्ट मात्र या पैशाने सहज होत नाही. रायगडमधल्या अनेक कातकरवाड्या दुसऱ्याच्या खासगी जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत. पाण्याची टाकी बांधू म्हटले, की कंपनी सातबारा मागते. तो वाडीच्या नावावर नसतो. विमानतळ आणि नवे रस्ते आल्यापासून जमिनीचे भाव चढले आहेत आणि मालकाची नजर बदलली आहे. यासाठी चेक नको, तहसील कार्यालयाच्या फेऱ्या आणि चिकाटी हवी. तुमची वर्गणी अशा कामाला लागते. त्याचा फोटो निघत नाही.

आपल्या मंडळीतले कितीतरी जण या कारखान्यांत नोकरीला आहेत, काहींकडे शेअरही असतील. कायद्याने कंपनीला आपले सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प संकेतस्थळावर द्यावे लागतात. ते एकदा वाचा. कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो. आपल्या कंपनीचा पैसा कुठे जातो ते पाहा. साहेबांना विचारायला संकोच वाटला, तर आम्हाला कळवा, आम्ही पत्र लिहू.

या खेपेला आम्ही आधी वाडीत बसलो. भट्टीवर निघण्यापूर्वी, रात्री, सगळे घरी असताना. बायकांनी सांगितले तसा मुलांच्या राहण्या-जेवणाचा तीन वर्षांचा प्रस्ताव तयार केला आणि एका कंपनीला दिला. वाटपाचा कार्यक्रम त्यात नाही. अधिकाऱ्यांनी विचारले, काही भाग मार्चपूर्वी सौरदिव्यांवर खर्च करता येईल का? वाडीला विचारून सांगतो म्हणालो. वाडीने नको म्हटले आणि तसे कळवले. कंपनीचे उत्तर यायचे आहे.