वाद्याची स्मरणशक्ती

मराठी संगीत रंगभूमीच्या वैभवकाळात रंगमंचापुढे ऑर्गन वाजत असे. वादकाचे दोन्ही पाय भाता हलविण्यात गुंतलेले, दोन्ही हात पट्ट्यांवर, आणि नाद एकाएकी वाढवावयाचा झाला तर गुडघ्याने एक दांडी बाजूला रेटावयाची. पुढल्या बाजूस खुंट्या असत. कोणती ओढली म्हणजे नाद भरदार होतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असे. वाद्याला स्वतःला काहीच आठवत नसे. आजच्या डिजिटल कीबोर्डाने ह्या स्मरणाचा भार बराचसा स्वतःकडे घेतला आहे. मात्र ते काम त्याच्याकडून करवून घ्यावे लागते, आणि ते कसे हे न उमजल्यामुळे कित्येकांची संध्याकाळभराची मेहनत एका बोटाच्या चुकीने पुसली जाते.

१९७० साली आलेल्या मिनिमूग ह्या प्रसिद्ध सिंथेसायझरालाही स्मरण नव्हते. मनाजोगा आवाज साधला की प्रत्येक फिरकीची जागा कागदावर रेखून ठेवावयाची आणि पुढल्या वेळी पुन्हा जुळवावयाची, एवढाच उपाय होता. १९७८ साली अमेरिकेत डेव्ह स्मिथ ह्यांच्या सिक्वेन्शिअल सर्किट्स ह्या संस्थेने प्रॉफेट-५ हे वाद्य बाजारात आणले. त्यात एक सूक्ष्मसंगणक बसविला होता. तो प्रत्येक फिरकीची स्थिती वाचून तिचा आकडा करी, आणि असे आकड्यांचे ४० संच वाद्यात साठवून ठेवता येत.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. असे वाद्य जे साठविते तो नाद नव्हे, तर नाद कसा घडवावा ह्याचे टिपण होय; पुरणपोळी नव्हे, तिची कृती. हे टिपण दोन ठिकाणी असते. वादक फिरक्या फिरवीत असतो तेव्हा सारे फेरफार तात्पुरत्या जागेत होत असतात. ती जणू पाटी. कायमची जागा म्हणजे वही. पाटीवरचे वहीत उतरविण्यासाठी साठवण्याची कळ दाबून, जागेचा क्रमांक निवडून, पुन्हा संमती द्यावी लागते. तसे न करता दुसरा आवाज निवडला की पाटी बहुधा पुसली जाते आणि वाद्य तक्रार करीत नाही. उलट घाईने भलताच क्रमांक निवडला तर त्या जागी आधी असलेला आवाज जातो. म्हणूनच पुष्कळ वाद्यांत लिहिण्यास मज्जाव करणारे कुलूप असते. ते लावलेले असताना आपले काम का साठत नाही म्हणून नवशिका वाद्यालाच दोष देतो, हा भाग निराळा!

स्मरणशक्ती आली आणि तिच्याबरोबर एक चमत्कारिक अडचणही आली. साठविलेला आवाज परत आणला की आतले आकडे बदलतात, पण पृष्ठभागावरची फिरकी पूर्वी होती तेथेच राहते. डोळ्यांना दिसते एक आणि कानी पडते दुसरे. अशा वेळी फिरकीला जरा स्पर्श झाला तरी नाद दचकल्यासारखा उडी मारतो. ह्यावर तोड म्हणून काही वाद्यांत अशी सोय केलेली असते की, फिरकी साठविलेल्या आकड्यापाशी येऊन पोहोचेपर्यंत तिचा काही परिणामच होऊ नये. मैफिलीत वाजविणाऱ्याने ही सोय अवश्य पत्करावी.

आता वादनाच्या वेळी हाताळावयाच्या साधनांकडे वळावे. डावीकडील चाके, पायाखालची पेडले आणि काही फिरक्या ह्यांना कामे नेमून देता येतात. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये परस्परांशी बोलू लागावीत म्हणून ‘मिडी’ ही समाईक संकेतपद्धती अमलात आली. तीत प्रत्येक साधनाला क्रमांक आहे. १ हा कंपनाच्या चाकाचा, ७ आवाजाच्या पातळीचा, ११ भावानुरूप चढउताराचा, ६४ स्वर धरून ठेवणाऱ्या पेडलाचा. ७ आणि ११ ह्यांत गल्लत फार होते. पहिल्याने एकंदर पातळी एकदा ठरवावयाची. दुसऱ्याने त्या पातळीच्या आत फुगवटा आणि ओसर घडवावयाचा, म्हणजे ऑर्गनवाल्याच्या गुडघ्याचे काम. पायातल्या पेडलाला ११ नेमून देणेच इष्ट.

ह्या क्रमांकांवर सामान्यतः ० ते १२७ एवढेच आकडे जातात. स्वर वाकविणाऱ्या चाकासाठी मात्र वेगळी व्यवस्था असून तिच्यात १६,३८४ पायऱ्या आहेत. ही उधळपट्टी नव्हे. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन सप्तके फिरणार असेल आणि पायऱ्या १२८ च असतील, तर एकेक पायरी अर्ध्या स्वराच्या सुमारे एकपंचमांश होईल. मग ती मींड कसली, तो जिना!

आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला बंदी घातली आणि १९७१ साली ती अंशतः शिथिल केली. त्या वादात मुख्य आक्षेप हाच होता की, पट्टीतून निघणारा स्वर अढळ असतो, त्याला मींड नाही आणि श्रुती नाहीत. कीबोर्डाच्या चाकाने त्या आक्षेपाला निदान अर्धे उत्तर दिले आहे. परंतु चाकाचा पल्ला योग्य ठरविला असेल तरच. हा पल्ला सामान्यतः दोन अर्धस्वरांचा ठेवलेला असतो. षड्जावरून पंचमापर्यंत मींड न्यावयाची तर तो निदान सात अर्धस्वरांचा हवा. काही वाद्यांत हा पल्ला प्रत्येक आवाजाबरोबर साठतो, काहींत साऱ्या वाद्यासाठी एकच असतो. पहिल्या प्रकारात, बासरीच्या आवाजासाठी सात ठरवून वादकाने ऐन रंगात सारंगीचा आवाज निवडला आणि तेथे दोनच राहिले असले, तर पंचमाकडे निघालेली मींड शुद्ध ऋषभावर अडते. वादकाचा हात बरोबर, श्रोत्याच्या कानी मात्र बेसूर. तेव्हा कार्यक्रमात लागणारा प्रत्येक आवाज निवडून, चाक शेवटपर्यंत वळवून, आदल्या दिवशीच पाहावे.

जुन्या वाद्यांविषयी एक सूचना. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ सारख्या वाद्यांतील आवाज एका लहानशा बॅटरीच्या आधाराने टिकून असतात. ती संपली की वादकाने स्वतः घडविलेले आवाज जातात. बॅटरी बदलण्यापूर्वी ते मिडीच्या तारेने संगणकावर उतरवून घ्यावेत, आणि उतरलेले खरोखर परत वाचता येतात की नाही हे जुनी बॅटरी काढण्याआधीच तपासावे.