बरं झालं, पण कोणत्या उपचारानं?

ल्युकेमियातून वाचलेलं मूल पुढे कितपत धडधाकट राहील, हे बऱ्याच अंशी त्याला मिळालेल्या उपचारांवर ठरतं. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयानं डोक्याला किरणोपचार देऊन मेंदूच्या आवरणात दडलेल्या कर्कपेशी गाठल्या आणि सुमारे निम्मी मुलं बरी होऊ लागली. पण त्यांतल्या अनेकांची उंची खुंटली, अभ्यासात एकाग्रता टिकेना. काहींना दशकांनंतर मेंदूत गाठी झाल्या. मग किरण देणं चुकलंच का? नाही, त्याआधी नुसत्या औषधांवर फारच थोडी मुलं वाचत. पुढे मणक्यातून मेथोट्रेक्सेट हे औषध देऊन बहुतेकांचे किरण टळले. तरी ‘किरण नाहीत, तर धोका नाही’ हेही खरं नव्हे. औषधांपैकी डॉक्सोरुबिसिननं हृदयाचा स्नायू दुबळा होऊ शकतो, डेक्सामेथासोननं खुब्याचं हाड खचू शकतं.

म्हणून बरं झाल्यावरही अशा धोक्यांसाठी तपासण्या लागतात. पण ठणठणीत तरुणांना तपासण्यांच्या मागे लावून घाबरवायचं कशाला, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून तर सरसकट तपासण्या नकोत. कोणतं औषध एकूण किती मिळालं, त्यावरून कुणाचा इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) किती वर्षांनी करायचा, हे ठरावं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१पासून वेगळं क्लिनिक आहे. तिथवर न पोचणाऱ्यांनी निदान डिस्चार्ज कार्डावर डॉक्सोरुबिसिनची एकूण मात्रा लिहून घ्यावी. मुलगी पुढे गरोदर राहिली, तर हृदय तपासताना डॉक्टरांना तो आकडा हवा असतो.