बदलांच्या चिठ्ठ्या

आपल्या संगणकांत चालणाऱ्या पुष्कळ प्रोग्रॅमांचें मूळ लेखन सर्वांस खुलें असतें, आणि तें सुधारण्याचें काम बव्हंशीं स्वयंसेवक करीत असतात. ‘पायथन’ ही संगणकाची भाषा त्यांपैकींच होय. गिडो व्हान रॉसम यांनीं ती १९९१ सालीं ॲम्स्टरडॅमहून प्रथम प्रसिद्ध केली. आतां दरसाल तिची नवी आवृत्ति निघते, आणि तिच्याबरोबर काय बदललें याची नोंद, म्हणजे रिलीज नोट्स, द्यावी लागते.

ही नोंद कोणीं लिहावयाची? पगारी नोकरास हुकूम करतां येतो. हौसेनें राबणाऱ्यास विनंतीच करावी लागते. शिवाय दुरुस्ती करण्यांत जी गोडी, ती तिचें टिपण लिहिण्यांत नसते. वर्षअखेर एका बैठकींत लिहून काढलेली टाचणवही कशी असते, हें आम्हां मास्तरमंडळींस चांगलें ठाऊक आहे! म्हणून बदल करतांनाच त्याची नोंद मागून घ्यावी, हें बरें.

पायथनकर्ते असें करीतच होते. परंतु सर्वांच्या नोंदी एकाच फाइलींत जात. दोघांनीं आपापल्या घरीं बसून एकाच जागीं ओळी घातल्या, कीं दोन्ही प्रती जुळवितांना संगणक अडे आणि कोणास तरी मध्यें पडून तंटा सोडवावा लागे. तोच बदल जुन्या आवृत्तींत नेतांना पुन्हां तोच तंटा! २०१७ सालीं काम गिटहबवर गेलें, आणि त्याच वर्षीं साधीशी युक्ति निघाली: प्रत्येक बदलास निराळी चिठ्ठी. तींत विषयाचें सदर, तक्रारीचा क्रमांक आणि दोनचार ओळी. चिठ्ठी नसेल तर बदल तपासणींत अडतो. किरकोळ दुरुस्तीस तेवढी सूट मिळते. आवृत्ति काढणारा गृहस्थ ‘ब्लर्ब’ नांवाच्या साधनानें साऱ्या चिठ्ठ्या एकत्र करतो.

पण चिठ्ठ्यांची चवड कोण वाचणार? त्यासाठीं ‘नवीन काय’ असा स्वतंत्र लेख हातानें लिहितात. त्यांत काय आलें, काय गेलें आणि पुढें काय जाणार, हें सांगतात. माझ्या मतें शेवटचा भाग सर्वांत मोलाचा, आणि लोक नेमका तोच गाळतात.

पायथनच्या ‘कलेक्शन्स’ या भागांतील कांहीं नांवें २०१२ सालच्या ३.३ आवृत्तींत नव्या पत्त्यावर हलविलीं. तरी जुन्या प्रोग्रॅमांसाठीं तीं जुन्या पत्त्यावरहि सांपडत. २०२० सालच्या ३.९ च्या लेखांत स्पष्ट बजावलें, कीं जुना पत्ता ही एकच आवृत्ति टिकेल. २०२१ सालीं ३.१० मध्यें तो काढला, तेव्हां कित्येक प्रोग्रॅम बंद पडले. वस्तुतः ३.९ च्या त्या लेखांत जुना पत्ता आणि नवा पत्ता एकाच वाक्यांत दिलेला होता, आणि दुरुस्ती बहुधा एका ओळीची होती.